न किडलेले तीन दात

माझ्या तोंडात डाव्या बाजूला खालचे तीन दात नाहीत. ते किडले नव्हते, हलत नव्हते. मुळासकट धडधाकट दात एकामागून एक उपटले, कारण मला दुखत होतं आणि काहीतरी करून दाखवायला हवं होतं. दुखत होता तो जबडा. ते कळायला माझ्या गालावर एक बोट दाबून पाहणं पुरेसं होतं. दोन वर्षांत ते बोट कोणी दाबलं नाही.

हे लिहायला बसले तेव्हा माझी धाकटी बहीण म्हणाली, "ताई, रागानं नको लिहू. वाचनाऱ्याले वाटन, बाई भांडखोर आहे." म्हणून सुरुवातीचे काही कागद मी शहाण्यासारखे लिहिले. वाचून पाहिले तर ते खोटे वाटले. फाडून टाकले. राग आहे तर रागानंच लिहिते. जिचा जबडा असा धरला असेल, तिला निदान एक बाई तरी आपल्या बाजूनं चिडलेली दिसावी.

कट्ट

आमचं गाव रेल्वेच्या छोट्या लाइनवर, सिंदेवाहीच्या पुढे. माझे बाबा गावच्या तलावावर मासे धरायचे. त्यांनी मला शिकवलं, आणि मी त्याच गावात मुलींच्या शाळेवर मास्तरीण झाले. माझे यजमान वासुदेवराव स्टेशनाजवळच्या लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीवर, कारकून. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई.

बहिणीच्या लग्नाला जाताना नाल्याच्या उतारावर आमची बंडी कलंडली. माझी हनुवटी चाकाच्या लोखंडी धावेवर आपटली. थोडं फाटलं, रक्त आलं, हळद दाबली. लग्नात मी पंगती वाढल्या. आठवडाभरात खपली पडली आणि सगळे विसरले, मीसुद्धा.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी जांभई देताना कानाजवळ कट्ट वाजलं आणि तोंड अर्ध्यातच अडलं. ओढून उघडायला गेले तर कानापासून खालच्या दातापर्यंत अशी कळ गेली, की मी चुलीपुढे खाली बसले. मला वाटलं धनुर्वात झाला. धनुर्वातानं मेलेली माणसं मी पाहिली होती. दिवसभर मी मरायची वाट पाहिली. संध्याकाळी मेले नाही म्हणून स्वयंपाक केला.

मग ते रोजचंच झालं. तोंड एवढंच उघडायचं की त्यात एक बोट आडवं जाईल. भात चिवडून, बोटानं आत ढकलून खायचा. कधी कान ठणकायचा, कधी कानशील. बहुतेक वेळा खालचे डावे दात. दाभण घातल्यासारखे.

गावाला मात्र गंमत सुचली. मास्तरीणबाईचं तोंड बंद झालं! हे टालीवरून येत आणि सांगत, "आज दोघा-तिघांनी इचारलं मले. म्हनते, भाऊ, बायकोचं तोंड बंद करायचं औषध आमालेही सांगा." ते हसत. सासूबाई हसत. मीही ओठ ताणून हसल्यासारखं करत असे. आता आठवलं की त्या हसण्याचाच जास्त संताप येतो.

उपाय

सासूबाईंनी बिब्बा घातला. विळा तापवून त्यावर बिब्ब्याचं तेल आणि तो गालावर. कानाच्या पुढे काळा डाग अजून आहे. "माह्याही पोटावर आहे," म्हणून त्यांनी स्वतःचा डाग दाखवला होता. माझं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात नव्हतं, हे मला माहीत आहे. पण कोणाच्या मनात काय होतं यानं गालावरचा डाग जात नाही.

पहिला दात बाजारात गेला. आमच्या आठवडी बाजारात एक दात काढणारा बसायचा. लाल कापडावर दातांची रास मांडलेली. माझं तोंड उघडत नव्हतं, तर त्यानं दोन बोटं खुपसून, गुडघा माझ्या छातीशी टेकवून पकड घातली. भुलीचं काही नाही. यांनी माझे खांदे धरले होते. दात निघाल्यावर त्या माणसानं मूठ उघडून लोकांना दाखवलं, "पाहा, हा किडा! हाच खाऊन राह्यला होता." तळहातावर एक पांढरी अळी वळवळत होती. लोक वा वा म्हणाले. मी मात्र त्याच्या दुसऱ्या हातातला दात पाहत होते. त्याला कुठे बारीक छिद्रसुद्धा नव्हतं.

दुखणं तिथंच राहिलं.

मग जिल्ह्याच्या गावचे, चांद्याचे दाताचे डॉक्टर. त्यांची खुर्ची होती, पाटी होती, पांढरा कोट होता. त्यांनी विचारलं, "कोणता दात?" मी जिथं कळ येते तिथं बोट दाखवलं. त्यांनी सुई देऊन तो दात काढला. सुई दिली तसा जबडासुद्धा सैल पडला आणि पुष्कळ दिवसांनी मला बरं वाटलं. "पाहा, गेलं ना दुखणं," असं ते म्हणाले. परतीची गाडी मूल स्टेशनापर्यंत येईस्तोवर कळ परत आली होती. पुढच्या खेपेला ते म्हणाले, "मग शेजारचा असेल." शेजारचाही गेला. त्यानंतरही दुखलं.

मध्ये आणखी एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझ्याकडे न बघता यांना विचारलं, "मूल आहे का?" नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "हिस्टेरिया आहे. एक मूल झालं की सगळं बरं होईल." माझ्या जबड्याला माझं मूल कसं बरं करणार होतं, हे मी विचारू शकले नाही. तोंड उघडत नव्हतं ना.

तेवढ्यात राज्य बदललं. आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, नवी क्रमिक पुस्तकं येणार म्हणून शाळेत गडबड उडाली. हेडमास्तरांनी माझा वर्ग काढून दुसऱ्या गुरुजींना दिला. म्हणाले, "बाई, तुमी शिवणकाम घ्या. त्याले तोंड लागत नाई." माझ्या मुली खिडकीतून माझ्याकडे पाहायच्या. मी मान खाली घालून टाके घालायची. आणखी सहा महिने असं चाललं तर घरी बसावं लागेल, असंही त्यांनी सुचवलं.

खुर्चीवरून

दाताच्या डॉक्टरांनी शेवटी ठरवलं, डाव्या बाजूचे खालचे उरलेले सगळे काढू. हे तयार झाले. मला कोणी विचारलं नाही, आणि मीही इतकी थकले होते की काहीच बोलले नाही.

त्या दिवशी माझं तोंड नेहमीपेक्षाही कमी उघडत होतं. डॉक्टरांनी कपाटातून एक लोखंडी साधन काढलं. दातांच्या फटीत घालून मळसूत्र फिरवलं की जबडा फाकतो, तसलं. त्यांनी ते माझ्या दातांमध्ये घातलं आणि पहिला पीळ दिला. त्या दुखण्याला माझ्याकडे शब्द नाही. दुसरा पीळ द्यायच्या आत मी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला, ते लोखंड बाहेर ओढलं आणि फरशीवर फेकलं. गळ्याभोवतीचा टॉवेल तसाच. मी चालत रस्त्यावर आले.

हे मागून धावत आले. "अवं, लोक पाहून राह्यले! चाल आत!"

"नाही," मी दातांतून म्हटलं.

"मंग काय करतं? घरी चालतं का?"

"घरीपण नाही."

समोरच्या बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर मी बसले. दुकानवालीनं मला पाणी दिलं. प्यायला जमेना, तर तिनं वाटीनं ओठांशी धरलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "बायकांच्या दवाखान्यात नागपूरची नवीन डॉक्टरीणबाई आली आहे. निदान आयकून तं घेते सगळं."

"तिथं बाळंतपनं करतेत," हे म्हणाले, "दात नाई."

"चालेल," मी म्हटलं. दात काढत नाहीत हाच त्या दवाखान्याचा मला सर्वांत मोठा गुण वाटला.

बोट

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच. बाळंतिणींच्या रांगेत आमचा नंबर आला तेव्हा हे सांगू लागले, "हिले दाताचं..." त्यांनी यांना थांबवलं. "त्यांना बोलू द्या. वेळ लागला तरी चालेल."

मी दातांतून शब्द सोडत सांगितलं. त्यांनी चमच्याच्या दांड्यानं माझा एकेक दात ठोकून पाहिला. एकही दुखला नाही. मग त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या, दोन्ही गालांवर बोटं ठेवली आणि हळूहळू दाबत गेल्या. डाव्या गालात, जबड्याच्या कोनाच्या थोडं वर, एका जागी त्यांनी बोट दाबलं आणि कळ थेट त्या गेलेल्या दातांत गेली. जे दात तोंडात नव्हतेच, ते दुखले.

मी किंचाळले. त्या म्हणाल्या, "हेच ना तुमचं दुखणं?"

"हेच."

"कधी पडला होतात का? तोंडावर मार बसला होता?"

मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. "बंडी," हे हळूच म्हणाले.

बाईंनी सांगितलं, चावायचा जो स्नायू असतो त्यात गाठ धरली आहे, आणि कानापुढचा सांधाही दुखावला आहे. गाठ गालात, पण कळ दाताला लागते. त्या गाठीत बधिरीचं औषध सुईनं सोडलं तर स्नायू सैल होईल. "पण एक सांगते. मी हे औषध पाठीच्या, मानेच्या गाठींत देताना नागपूरला पाहिलंय, दिलंयही. जबड्यात फार जणांना दिलेलं नाही. एका सुईत बरं होईलच असंही नाही. तुमची तयारी आहे का?"

दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणी मला माझी तयारी विचारली होती.

"दात काढायच्या आधी देतात तेच का हे औषध?" मी विचारलं.

"तेच."

तेच! तीच काचेची पिचकारी, तेच पाण्यासारखं औषध. दाताच्या डॉक्टरांच्या कपाटातही ते होतं. त्यांनी दोनदा मला ते दिलं, दोनदा माझा जबडा सैल पडलेला पाहिला, आणि दोनदा पुढचा दात उपटला.

सुई उकळून आणली. आधी हातावर थोडं टोचून, अंगावर काही उठतं का ते पाहिलं. मग गालात. सुई त्या गाठीत शिरली तेव्हा सगळं दुखणं एका जागी गोळा झालं. मी बाकाची कड धरून ठेवली. नंतर तिथं ऊब पसरली. बाई म्हणाल्या, "उघडा हळूहळू."

मी उघडलं. एक बोट, दोन बोटं, मग जवळजवळ तीन. आ वासून मी त्या खोलीत बसले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हे दाराशी उभे होते. ते म्हणाले, "मले वाटत होतं..."

"काय वाटत होतं?" शब्द कसे सुटे निघाले!

ते दाराच्या चौकटीचा रंग नखानं खरवडू लागले.

"बोला ना. काय वाटत होतं?"

"का तू थोडंसं नाटक करून राह्यली."

तो शब्द मी विसरलेले नाही. आमचा संसार चालू आहे, ते माणूस वाईट नाहीत, पुढे त्यांनी माझं पुष्कळ केलं. पण तो शब्द आहे तिथंच आहे.

बाळंतिणींच्यात

कळ संध्याकाळी परत आली, पण अर्धी होऊन. बाईंनी मला ठेवून घेतलं. खाट बाळंतिणींच्या दालनात. शेजारच्या खाटेवरची भेटायला आलेली माणसं मलाही विचारत, "काय झालं? पोरगा का पोरगी?" मी सांगत असे, "जबडा." सगळं दालन हसायचं. ते हसणं मला कधी लागलं नाही.

एक दिवसाआड सुई. मध्ये गरम पाण्याचा शेक, आणि दातांत लाकडाच्या पट्ट्या धरून तोंड उघडायचा सराव. बाबा गावाहून आले, त्यांनी बांबूच्या चापट कामट्या तासून आणल्या. एकीवर एक ठेवून मी त्या दातांत धरायची, दर थोड्या दिवसांनी एक वाढवायची. बाबा फार बोलणारे नाहीत. त्यांनी डब्यात मरळ आणली होती. खाटेशी खाली बसून त्यांनी काटे काढले, मासा भातात बोटांनी लोण्यासारखा कुस्करला आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. "खाऊन पाह्य बाई. काटा लागला तं मले सांग." काटा लागला नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या सुईनंतर मात्र भलतंच झालं. माझा डावा डोळा मिटेना आणि ओठ एका बाजूला ओघळला. त्याच वेळी सासूबाई भेटायला आलेल्या. त्यांनी पाहिलं आणि छाती बडवली, "लकवा मारला वं माय! हे काय करून ठेवलं माह्या सुनेचं!" हे धावत आले, माझं गाठोडं बांधू लागले. डॉक्टरीणबाई एका अडलेल्या बाळंतिणीपाशी होत्या, परिचारिकेला काही ठाऊक नव्हतं. मी डोळ्यावर तळहात ठेवून पडून होते. वाटलं, चार पैशांच्या आशेनं रुपया घालवला. दात गेले, आता तोंडही गेलं.

बाई आल्या त्या रक्ताळलेल्या ॲप्रनवरच. पाहिलं आणि म्हणाल्या, "औषध चेहऱ्याच्या नसेपर्यंत गेलं. उतरेल. उन्हं कलायच्या आत डोळा मिटेल."

"हे असं होऊ शकतं, तुम्हाला माहीत होतं?" मी ओघळलेल्या ओठानं विचारलं.

"होतं."

"मग आधी सांगितलं का नाही?"

दालनातल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. डॉक्टरला असं विचारायची पद्धत नव्हती. बाई खाटेच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "सांगायला हवं होतं. चुकले मी." आणि डोळा मिटायला लागेपर्यंत त्या ओल्या कापसानं तो झाकून धरून बसल्या. त्यानंतर प्रत्येक सुईआधी काय होईल, काय होऊ शकेल, ते त्यांनी मला सांगितलं. माझा राग तिथल्या तिथे उतरला. चूक कबूल करायला एवढासाच वेळ लागतो. मग बाकीच्यांना काय अडचण होती?

आता

मी पूर्ण बरी झालेले नाही. थंडीत कानापुढे धरतं. ऊस, फुटाणे बंद. जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरते. सुया थांबल्या, कामट्यांचा सराव ठेवला आहे. पण मी बोलते. मी हेडमास्तरांच्या खोलीत गेले, नवं पुस्तक उचललं आणि त्यांच्या टेबलापुढे उभी राहून पहिला धडा मोठ्यानं, सबंध वाचला. ते मध्येच "बरं, बरं" म्हणाले, मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी वर्ग मला मिळाला.

ज्यांना असं दुखणं आहे त्यांना एवढंच सांगते: दात काढू देण्याआधी विचारा, कोणता, आणि कशावरून. उत्तर मिळालं नाही तर खुर्चीवरून उठा. टॉवेल गळ्यात राहिला तरी चालेल.

आणि आता सोमीबाईचं सांगते. आमच्या गावामागच्या गोंडटोल्यातली, गोंडांच्या वस्तीतली ही बाई, मोहफुलं विकायला बाजारात यायची. एका बाजारी मला दिसलं, ती त्या लाल कापडापुढे बसली आहे, गालाला फडकं बांधलेलं, आणि तोच माणूस तिच्या छातीला गुडघा लावतो आहे.

"हात काढ!" मी ओरडले. सगळा बाजार वळला. "तिच्या तोंडातून हात काढ!"

त्यानं मला ओळखलं आणि तोंडभर हसला. "बाई, तुमचा दात बी मीच काढला होता ना?"

"हो. आणि किडा दाखवला होता. आजचा किडा दाखव."

"अजून दात कुठी निघाला? दात निघाल्यावर..."

मी त्याची डावी मूठ धरली. तो झटकू लागला, तर मोहफुलं घ्यायला आलेल्या दोघा-तिघांनी त्याचा हात धरून मूठ उघडली. अळी आधीच तिथं होती. तोंडात पकड जायच्या आत! लोक ओरडू लागले, कोणी त्याचं कापड ओढलं, दातांची रास धुळीत सांडली. त्यात एक माझाही असेल. मी तो शोधला नाही. सोमीबाईचा हात धरला आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं तिला चांद्याला नेलं.

गाडीत मी तिला सगळं सांगितलं. दात कसा दुखत नसतो, गाठ गालात कशी असते, बोट कसं दाबतात. ती ऐकत होती. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिचा एकेक दात दांड्यानं ठोकला, गाल दाबून पाहिला, कानापुढे बोट ठेवून तोंड उघड-मीट करायला लावलं. मग मला जवळ बोलावून आतलं दाखवलं. मागची दाढ मुळापर्यंत पोखरलेली होती.

"हिची दाढच आहे," त्या म्हणाल्या. "काढावी लागेल."

माझं तोंड पाहून त्यांना हसू आलं असावं, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी ओळखीच्या एका सर्जनला बोलावणं पाठवलं. तो आला. सोमीबाईला विचारून, काय करणार ते सांगून, बधिरीची सुई दिली, ती नीट चढेपर्यंत थांबला आणि दाढ काढली. एकच, आणि तीच.

परत येताना आम्ही चांदाफोर्टच्या फलाटावर गाडीची वाट पाहत बसलो होतो. सोमीबाईच्या तोंडात कापसाचा बोळा होता. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं, बोळा जिभेनं बाजूला सारला आणि बधिर ओठांनी विचारलं,

"बाई, तुमी काऊन रडून राह्यल्या? दात तं माहा निघाला."